व्यायल्यावर तिसऱ्या आठवड्यात गाय दाण सोडते, बाटलीने दोन दिवस सावरते, पुन्हा तेच: दर वेताला असं का होतं?

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. संकरित होल्स्टिन गाय, तिसरं नाहीतर चौथं वेत. व्याली व्यवस्थित, वार वेळेत पडली, चीक भरपूर निघाला, आठ-दहा दिवसांत दूध वीस लिटरच्या पुढे गेलं. मंडळीत, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, फॅट पाचच्या घरात लागतं, घरात आनंदीआनंद. मग दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी ती दाण, म्हणजे खुराक, नुसतं हुंगते आणि तोंड फिरवते. हिरवं थोडंफार खाते, कोरडा कडबा मात्र चघळत राहते. दूध दोन-तीन दिवसांत पाच-सहा लिटरनी उतरतं. अंगात ताप नाही. कोणीतरी येऊन ग्लुकोजची बाटली लावून जातं, संध्याकाळी गाय दाणाला तोंड लावते, सगळ्यांना हायसं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा गव्हाण भरलेलीच. असं करत महिना निघतो, बरगड्या दिसायला लागतात आणि पुढे कित्येक महिने ती माजावर येत नाही. पुढच्या वेताला पहिल्यापासून तीच कथा.

मी बडोद्याच्या आसपास, पादरा, डभोई, सावली या बाजूंना गुरांची डॉक्टर म्हणून फिरते. गायकवाडांच्या काळापासून इकडे जमीन धरून असलेली बरीच मराठी घरं आहेत. राहायला शहरात, गोठा शेतावर. त्यांच्याकडून येणारा ठरलेला प्रश्न म्हणजे, "ताई, बाटली टिकत का नाही?" बाटली का टिकत नाही हे कळायला गायीच्या शरीरात वेताच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हार्मोन्स कसे वरखाली होतात ते बघावं लागतं. आणि ते बघितलं की हेही दिसतं की तिसऱ्या आठवड्यातल्या या दुखण्याची पेरणी मागच्या वेताच्या शेपटाला, म्हणजे दूध कमी झालेल्या महिन्यांत, होऊन गेलेली असते.

आधी दुसरं काही नाही ना, ते बघा

वर सांगितलेलं दुखणं बहुधा कीटोसिस असतं, म्हणजे ऊर्जा कमी पडून अंगावरची चरबी वितळते आणि ती अर्धवट जळून कीटोन नावाची द्रव्यं रक्तात साचतात. पण दाण सोडलं म्हणजे कीटोसिसच, असं नाही. थर्मामीटर लावा. १०३ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर गर्भाशयातली घाण, कासदाह, गोचीड ताप यांचा आधी विचार. शेपटीखाली दुर्गंधी येणारा स्राव आहे का, दुधाच्या पहिल्या धारेत गुठळ्या आहेत का, खांद्यापुढची गाठ सुजली आहे का, हे मालकाला स्वतः बघता येतं. गाय पाठ वाकवून, कोपरं बाहेर काढून उभी असेल, उतारावर पाऊल टाकायला कुरकुरत असेल, तर पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका घ्यावी. शेण पातळ, फेसाळ आणि फॅट एकदम खाली गेलं असेल तर गोष्ट उलटी आहे, तिथे दाण जास्त होऊन पोट आंबलंय.

आणखी एक चोर आहे तो चौथ्या पोटाचा. पहिल्या महिन्यात हे पोट कधी कधी डाव्या बाजूला सरकून वर चढतं. डाव्या शेवटच्या बरगड्यांवर टिचकी मारत स्टेथोस्कोपने ऐकलं तर भांड्यावर टिचकी मारल्यासारखा टणत्कार येतो. अशा गायीत कीटोसिसची तपासणीही बहुधा होकारार्थीच येते, म्हणून औषधं चालू राहतात आणि गाय तशीच. दोनदा उपचार करूनही गाय पुन्हा दाण सोडतच असेल तर हा टणत्कार ऐकायला सांगा. शस्त्रक्रिया लागली तर आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना इथून फार लांब नाही.

आता कीटोसिसची खूण. शेण घट्ट, कधी गोळ्या-गोळ्यांचं. रवंथ मंद. श्वासाला किंवा लघवीला गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास, जो सगळ्यांना येतोच असं नाही. काही गायी तर वेड्यासारखं करतात. भिंत, दावण, स्वतःचं अंग एकसारखं चाटणं, तोंडातून लाळ, गोल फिरणं. त्याला लोक बाहेरचं समजतात, पिसाळल्याचीही भीती असते. पिसाळण्याची शंका खरी असेल तर तोंडात हात घालू नका, डॉक्टरला येऊ द्या.

खात्री लघवीवरून होते. योनीच्या खालच्या बाजूला पंज्याने हलक्या हाताने चोळत राहिलं की बहुतेक गायी मिनिटा-दोन मिनिटांत लघवी करतात. आम्ही परीक्षानळीत अमोनियम सल्फेट आणि सोडियम नायट्रोप्रुसाइडची पूड टाकून त्यात लघवी आणि अमोनिया घालतो. जांभळा रंग चढला तर कीटोन आहेत. किती गडद आणि किती झटपट चढला, ते बघायचं. फिकट छटा ताज्या व्यालेल्या गायीत येऊ शकते, तिला लगेच आजार म्हणू नये. दुधातही रंग आला तर मात्र शंका उरत नाही. हल्ली माणसांसाठी मिळणारं कीटोन मोजायचं छोटं मीटरही आम्ही वापरतो. रक्तातलं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, हा एक कीटोनच, लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं की छुपा कीटोसिस, गाय वरून ठणठणीत दिसत असली तरी.

बाटली का टिकत नाही

आधी हिशेब. एक लिटर दूध तयार करायला कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, कारण दुधातली साखर त्यातूनच बनते. वीस लिटर दूध म्हणजे रोजचं १४०० ग्रॅम. तुमची बाटली ५०० मिलीची. ती ५० टक्क्यांची असेल तर तिच्यात २५० ग्रॅम ग्लुकोज, २५ टक्क्यांची असेल तर १२५. म्हणजे चांगली बाटलीसुद्धा साडेतीन लिटर दुधापुरती. त्यातलंही काही लघवीवाटे जातं आणि काही तासांत रक्तातली पातळी होती तिथे येते. बाटली चुकीची नाही, गाय कोसळत असेल तेव्हा तीच लावावी लागते. पण तिच्यावर महिना काढता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की गाय आपल्यासारखी खाल्लेल्या पिठातून-साखरेतून ग्लुकोज घेत नाही. मोठ्या पोटातले जंतू ती साखर आधी खाऊन टाकतात आणि बदल्यात आम्लं देतात. त्यातलं प्रोपिओनिक आम्ल यकृतात जाऊन ग्लुकोज होतं. म्हणजे गायीचं जवळपास सगळं ग्लुकोज यकृत घरी बनवतं, आणि त्याचा कच्चा माल दाणातून येतो. गाय सगळ्यात आधी दाणच सोडते, हीच पंचाईत.

आता हार्मोन. गाभण काळाच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन उतरतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत, विशेषतः शेवटच्या काही दिवसांत, गायीचं खाणं सुमारे तीस टक्क्यांनी घटतं. व्याताना कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन उसळी मारतात, कास दूध करायला लागते. त्याच सुमाराला इन्सुलिन घटतं. इतकंच नाही, जेवढं आहे तेवढ्यालाही स्नायू आणि चरबी दाद देईनाशी होतात. म्हणजे रक्तातली साखर त्यांच्याकडे वळत नाही. कासेचं तसं नाही. कासेला ग्लुकोज घ्यायला इन्सुलिन लागतच नाही. बाकी घराला कुलूप आणि कासेच्या दाराला कडीसुद्धा नाही, अशी रचना. रक्तात जे येईल ते कास आधी उचलते.

याच वेळी वाढीचं हार्मोन, ग्रोथ हार्मोन, चढलेलं असतं. एरवी ते यकृताला सांगतं आणि यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन सोडतं. हे आयजीएफ वाढलं की ग्रोथ हार्मोनला लगाम बसतो. पण इन्सुलिन खाली गेलं की यकृतावरचे ग्रोथ हार्मोन धरणारे थांबेही कमी होतात. निरोप पोचत नाही, आयजीएफ तयार होत नाही, लगाम सुटतो, ग्रोथ हार्मोन आणखी चढतं. ते चरबीच्या मागे लागतं. पाठीवरची, शेपटीच्या मुळाशी साठवलेली चरबी वितळून रक्तात येते. थायरॉईडचे हार्मोनही या आठवड्यांत उतरलेले असतात आणि वेताच्या मध्यावर आपोआप सावरतात. कोणी यासाठी थायरॉईडच्या गोळ्या सुचवल्या तर हात जोडा.

हे सगळं बिघाड म्हणून होत नाही, हे समजून घेणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डेल बाउमन आणि ब्रूस करी यांनी १९८० साली हा विचार नीट मांडला. गाय तोल गमावत नसते, तिचं शरीर ठरवून सगळी गंगाजळी वासराकडे, म्हणजे कासेकडे, वळवत असतं. दूध सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर जातं, खाणं मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्याशिवाय शिखर गाठत नाही. मधली तूट अंगावरच्या चरबीतून भागवायची, हीच निसर्गाची सोय. जास्त दूध देणारी प्रत्येक गाय या तुटीतून जाते. प्रश्न फक्त तूट किती खोल आणि किती लांब, एवढाच.

तूट आटोक्याबाहेर गेली की यकृत अडचणीत येतं. येणारी चरबी जाळायची तर ती पूर्ण जळत नाही, तिचे कीटोन होतात. दुसरीकडे पाठवायची तर गायीचं यकृत त्या कामात मुळातच मंद, म्हणून ती तिथेच साचते. चरबी साचलेलं यकृत ग्लुकोज कमी बनवतं. ग्लुकोज कमी म्हणून इन्सुलिन कमी, इन्सुलिन कमी म्हणून चरबी आणखी सुटते. बाटली या फेऱ्याला काही तास थांबवते. फेरा तोडायचा तर इन्सुलिन रोज थोडं थोडं वर येत राहील असं काही द्यावं लागतं.

माज न येण्याचं कारणही इथेच आहे. इन्सुलिन आणि आयजीएफ खाली असले की मेंदूकडून बीजांडाला जाणारे एलएच हार्मोनचे ठोके विरळ होतात, फोलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पिशवी, पिकत नाही, गाय माज दाखवत नाही. तूट तळ गाठून सावरायला लागली की मगच गाडी रुळावर येते. त्यामुळे व्यायल्यापासून दोन महिन्यांच्या आत सुकलेल्या गायीला माजाची इंजेक्शनं देत बसणं मला पटत नाही. आधी तिचं अंग भरू द्या.

मंडळीची पावती वाचा

पादऱ्याकडच्या एका काकूंची वही मला फार आवडते. प्रत्येक गायीचं पान वेगळं, त्यावर मंडळीच्या पावत्यांचे आकडे उतरवलेले. त्यांच्या लाल गायीच्या पानावर व्यायल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात फॅट ५.१, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.०. त्याच गायीचे मागच्या वेताच्या चौथ्या महिन्याचे आकडे ३.८ आणि ८.५. काकू म्हणाल्या, "ताई, फॅट पाचला लागलं म्हणून मी मंडळीच्या मंत्र्यांना (सचिवांना) पेढे दिले." मी म्हटलं, "काकू, हे फॅट दाणातून आलेलं नाही, तिच्या पाठीवरून उतरलंय."

गुजरातेत दुधाचा भाव किलो फॅटवर ठरतो, त्यामुळे फॅट चढलं की पैसे वाढतात आणि कोणाला शंका येत नाही. पण अंगावरची चरबी रक्तात उतरली की त्यातली लांब साखळीची आम्लं कास थेट दुधात घालते. दुसरीकडे ऊर्जा कमी म्हणून दुधातली प्रथिनं उतरतात, आणि एसएनएफ खाली येतं. पहिल्या महिन्यात फॅट वर आणि एसएनएफ खाली, ही जोडी दिसली की दाण सोडायची वाट बघू नका. जिथे प्रथिनांचा आकडा वेगळा मिळतो तिथे फॅटला प्रथिनांनी भागा. दीडच्या आसपास किंवा वर उत्तर आलं तर लघवी तपासा. हा आकडा कळपापेक्षा गायीच्या स्वतःच्या जुन्या आकड्यांशी ताडावा. गीर किंवा म्हशीचं फॅट मुळातच जास्त, त्यांना होल्स्टिनचा माप लावून घाबरू नये.

आत्ता या आठवड्यात काय करायचं

प्रॉपिलीन ग्लायकॉल, दिवसातून एकदा ३०० मिली, तीन ते पाच दिवस. हे औषध पोटातल्या जंतूंच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटून यकृतात पोचतं, तिथे ग्लुकोज होतं आणि इन्सुलिनला वर ढकलतं. चरबी सुटणं थांबतं ते या इन्सुलिनमुळे. म्हणून ते एका वेळी, तोंडावाटे पाजावं. दिवसभर पाण्यात थोडं थोडं मिसळून दिलं तर ती उसळी येत नाही. पाजताना मान फार वर ओढू नका, जीभ धरू नका, घोट घोट जाऊ द्या. फुप्फुसात गेलं तर आजारापेक्षा उपाय महाग पडेल. आणि लवकर बरी व्हावी म्हणून दुप्पट देऊ नका, जास्त झालं तर गाय गुंगते.

गुळाबद्दल हमखास विचारतात. बाळंतशेपा, मेथी, गूळ हे आपल्याकडे बाईला आणि गायीला सारखंच चालतं. थोडा गूळ चवीला, दाणाकडे तोंड वळवायला, ठीक. पण किलो-किलो गूळ पाजून ग्लुकोज मिळेल ही समजूत सोडा. तो जंतूच खातात, त्यातून ब्युटिरिक आम्ल बरंच होतं आणि त्या आम्लाचा पुढे कीटोनच बनतो. शिवाय पोट आंबतं ते वेगळंच. तूप आणि तेलाच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. ज्या यकृतात आधीच चरबी साचली आहे त्याला वरून आणखी तेल कशाला? बायपास फॅट (मोठ्या पोटात न विरघळता पुढे जाणारी तयार चरबी) द्यायचंच असेल तर गाय खायला लागल्यावर, तीन-चार आठवड्यांनंतर.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही डॉक्टर देतात, ते ग्लुकोज वर आणतं हे खरं. पण त्याने प्रतिकारशक्ती दबते. गर्भाशयात किंवा कासेत जंतुसंसर्ग असेल तर ते टाळावं, आणि ते डॉक्टरने तपासूनच द्यावं. मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नये.

कॅल्शियम विसरू नका. रक्तातलं कॅल्शियम कमी असलं की पोट मंद चालतं आणि इन्सुलिनही कमी सुटतं. म्हणजे नुसत्या कीटोसिसवर उपचार करून भागत नाही, अशा गायी बऱ्याच असतात. शिरेतून कॅल्शियम मात्र कोणीही, कसंही देऊ नये. भराभर गेलं तर हृदय थांबतं.

दाण परत वाढवताना घाई नको. जिथे थांबली आहे तिथून दर दिवसाआड अर्धा किलो. सोबत चांगला लांब कापलेला चारा, म्हणजे रवंथ चालू राहील. उरलेलं, आंबलेलं दाण गव्हाणीतून रोज काढा. शिळ्या दाणाचा वास आला की ती ताजंही खात नाही.

मुळाशी: दूध कमी झाल्यावरचे महिने

वेताच्या पहिल्या तीन महिन्यांनंतर चित्र पालटतं. इन्सुलिन वर येतं, ग्रोथ हार्मोन उतरतं, आयजीएफ सावरतं, चरबीच्या पेशी पुन्हा इन्सुलिनचं ऐकू लागतात. सात-आठ महिन्यांवर गेलेली गाय खाल्लेल्या दाणाचं दूध करण्यापेक्षा अंगावर चढवणं पसंत करते. आणि आपल्या गोठ्यांत सगळ्यांना सारखं दाण. दूध बावीस लिटर असो की सात, सकाळ-संध्याकाळ तीच पाटी. मालकाचा विचार सरळ असतो, दाण वाढवलं तर दूध वाढेल. या काळात ते वाढत नाही, पाठ वाढते.

यातच आधीच्या कीटोसिसने माज लांबवलेला असतो. उशिरा गाभण राहिलेली गाय दहा महिन्यांऐवजी चौदा-पंधरा महिने दुधात राहते, त्यातले शेवटचे चार-पाच महिने थोड्या दुधावर आणि भरपूर दाणावर. आटवायच्या वेळी ती गोलमटोल. गोलमटोल गायीच्या चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते भूक मारतं, त्यामुळे व्याण्याच्या आसपास तिचं खाणं सडपातळ गायीपेक्षा जास्त घसरतं. सुटायला चरबीही जास्त. पुन्हा कीटोसिस, पुन्हा माज लांबला, पुन्हा लांब वेत. दर वेताला तेच का, या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

म्हणून मी मालकांना आटवण्याच्या दोन-अडीच महिने आधी गायीवर हात फिरवायला सांगते. अंगावरची चरबी जोखायच्या एक (हाडकुळी) ते पाच (फार जाड) या मापात गाय आटवताना आणि व्याताना तीन ते साडेतीनच्या मध्ये असावी. सोपी परीक्षा अशी की कमरेच्या बाजूची आडवी हाडं बोटांनी दाबल्यावर लागली पाहिजेत, पण डोळ्यांना फणीच्या दातांसारखी दिसता कामा नयेत. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे खड्डे थोडे भरलेले चालतील. ते पूर्ण बुजून तिथे मऊ गादी झाली असेल तर गाय जाड झाली आहे. तेव्हाच दाण दुधाप्रमाणे करा. अंगासाठी दीड ते दोन किलो आणि वर दर अडीच लिटर दुधाला एक किलो, हा जुना हिशेब अजूनही चांगला चालतो. बारीक करायची वेळ हीच. आटवल्यावर उपाशी ठेवून बारीक करायला गेलात तर चरबी तेव्हापासूनच सुटायला लागते आणि व्याण्यापूर्वीच यकृत भरतं. भाकड काळात अंग घटलंही नाही पाहिजे आणि वाढलंही नाही पाहिजे.

भाकड काळ साठ दिवसांचा धरला तर पहिले पाच-सहा आठवडे पोटभर कोरडा चारा, ज्वारी-बाजरीचा कडबा, भाताचा पेंढा, थोडं हिरवं, खनिज मिश्रण. पोट मोठं राहावं, ऊर्जा बेताची. शेवटच्या तीन आठवड्यांत दाण हळूहळू सुरू करा, एक किलोपासून दोन-अडीचपर्यंत, म्हणजे पोटातले जंतू व्यायल्यावरच्या दाणाला तयार होतात.

आणि आता रजको, म्हणजे आपला लसूणघास. बडोद्याच्या भागात तो सगळ्यांकडे असतो आणि गाभण गायीला प्रेमाने घातला जातो. वर कॅल्शियमची बाटलीही चालू असते, पुढे कमी पडू नये म्हणून. या दोन्ही गोष्टी शेवटच्या तीन आठवड्यांत उलट्या पडतात. दहा लिटर चिकात तेवीस ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं आणि गायीच्या साऱ्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. बाकीचं हाडांतून आणि आतड्यातून ओढून आणावं लागतं. ते काम पॅराथायरॉईड हार्मोनचं. आधीच्या आठवड्यांत कॅल्शियम भरभरून मिळत असेल तर हे हार्मोन सुस्त बसतं आणि व्यायल्याच्या दिवशी जागं होईपर्यंत गाय बसलेली असते. लसूणघासात पोटॅशियमही फार. त्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि हाडं या हार्मोनचं ऐकत नाहीत. मॅग्नेशियम कमी असलं तरी तेच होतं. तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांत रजको जवळजवळ बंद, कॅल्शियमची बाटली पूर्ण बंद, आणि व्यायल्याच्या दिवसापासून कॅल्शियम सुरू. बसलेल्या गायीला मिल्क फिवर होतो हे सगळ्यांना माहीत आहे. न बसता कॅल्शियम कमी पडलेली गाय दिसत नाही, आणि कीटोसिसकडे जाणाऱ्यांत अशा पुष्कळ असतात.

ज्या गायीला मागच्या वेताला हे झालं आहे तिची लघवी व्यायल्यापासून पाचव्या आणि दहाव्या दिवसाच्या आसपास तपासून घ्या, ती दाण खात असली तरी. तेव्हा पकडलं तर ग्लुकोजच्या बाटलीची गरज सहसा पडत नाही.

हार्मोनची सुई

हार्मोन म्हटलं की गोठ्यात दोन सुया आठवतात. एक ऑक्सिटोसिनची. ती पान्हा सोडवते, दूध बनवत नाही, आणि कीटोसिसच्या गायीत तिचा काही उपयोग नाही. दूध काढण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे. दुसरी ग्रोथ हार्मोनची. सावलीच्या एका भाऊंनी इंटरनेटवर वाचून विचारलं, ती दिली तर दूध परत येईल का? तिला अमेरिकेत १९९३ साली परवानगी मिळाली, पण तिथेही ती वेताच्या नवव्या आठवड्यापासून पुढेच द्यायची असते. त्याआधी गायीचं स्वतःचं ग्रोथ हार्मोन चढलेलंच असतं. तिसऱ्या आठवड्यात सुकत चाललेल्या गायीला ते देणं म्हणजे तिची उरलीसुरली चरबीही ओढून काढणं.

एप्रिल-मेमधली घसरण वेगळी

बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की सगळ्याच गायींचं दूध उतरतं, खाणं घटतं, आणि मग सरसकट प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या बाटल्या निघतात. चार-पाच महिने दुधात असलेल्या गायीत हे कीटोसिस नसतं. उन्हात तापलेल्या गायीचं खाणं कमी होऊनही इन्सुलिन खाली जात नाही, उलट वाढलेलं सापडतं, आणि चरबी अंगावरच राहते. लघवीत जांभळा रंग येत नाही. तिला पाणी, सावली, अंगावर शिडकावा आणि त्यावर पंख्याचा वारा, आणि दाण पहाटे व रात्री. भाकड गायीलाही हीच व्यवस्था हवी. ती दूध देत नाही म्हणून मागच्या बाजूला पत्र्याखाली बांधलेली असते. पण कासेच्या जुन्या पेशी जाऊन नव्या तयार होण्याचा काळ तोच, आणि तो उन्हात गेला तर पावसाळ्यात व्यायल्यावर पूर्ण वेतभर दूध कमी राहतं, मग दाण कितीही घाला.